भावी जावयाच्या कामाची समक्ष पाहणी: फुटाळा ते खिंडसी

नागपूरचा मनुष्य रामटेकला जातो तो दर्शनास. गडावर चढतो, वानरांना फुटाणे टाकतो, खिंडसीचा तलाव लांबून पाहतो आणि दिवे लागण्यापूर्वी घरी परततो. मीही आजवर तसाच गेलो होतो. या हिवाळ्यात मात्र गोरेवाड्याचे रान, रामटेकचा डोंगर व खिंडसीचे पाणी ही तिन्ही स्थळे मी अशा रीतीने पाहिली की, त्या रीतीने ती पाहिलेला माझ्या वयाचा व माझ्या पेशाचा दुसरा गृहस्थ माझ्या माहितीत नाही. सबब, जे तिकडे गेलेले नाहीत त्यांच्या माहितीकरिता हा वृत्तांत सादर करीत आहे.

माझा पेशा अर्जनवीसाचा. सिव्हिल लाइन्समधील कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. शाळेतील शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढील सर्व शिक्षण मी त्या लिंबाखालीच घेतले. वारसाच्या नोंदीपासून शेजाऱ्याच्या सांडपाण्यापर्यंत असा विषय नाही ज्यावर मी अर्ज लिहिलेला नाही, आणि मोठमोठे पदवीधर माझ्यासमोर उभे राहून "साहेब, जरा चांगल्या भाषेत लिहून द्या" अशी विनंती करतात. हे बढाई म्हणून नव्हे, तर वाचकांस लेखकाची ओळख असावी म्हणून नमूद केले.

प्रवासाचे कारण असे की, माझी मुलगी स्नेहल, जी एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्याचे काम करते, तिने एका मुलाशी लग्न करण्याची इच्छा प्रकट केली. मुलाचे नाव भूषण. राहणार रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या काठी. घरी शेती व पानमळा. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. परंतु मुलगा काय करतो, या प्रश्नावर तिने सांगितले की, तो लोकांना डोंगर चढवतो, सायकलीवर रानात फिरवतो आणि तलावात होडी वल्हवायला शिकवतो.

"हे झाले सुटीचे," मी म्हणालो. "कामाचे काय करतो?"

"बाबा, हेच काम हाय त्याचं."

ज्या कामास टेबल नाही, खुर्ची नाही, दारावर पाटी नाही, त्यास काम म्हणण्याची माझी तयारी नव्हती. मी तसे स्पष्ट शब्दांत सांगितले. स्नेहल रडली नाही की भांडली नाही. ती म्हणाली, "तुमी नाही म्हणाल तं मी त्याले नाही म्हणीन. पुन्हा विचारणार नाही. पण न पाहता नाही नका म्हणू, बाबा."

तिने हट्ट धरला असता तर मला सोपे गेले असते. हट्टाला नकार देता येतो. तिने मात्र आपला संसार उचलून माझ्या पदरात टाकला आणि स्वतः शांतपणे दुकानात निघून गेली. समक्ष पाहणी केल्याशिवाय दिलेला निकाल टिकत नाही, हे मी पक्षकारांना नित्य सांगत असतो. तेव्हा मला जाणे भागच होते.

"पांढरा शर्ट नका घालू," निघताना पत्नीने सुचविले.

मी पांढराच घातला.

फुटाळा ते गोरेवाडा

शुक्रवारी सकाळी फुटाळा तलावावर धुके असे दाट होते की, समोरचा काठ कोणी उचलून नेला असावा असे वाटे. तेथे भूषण सायकली घेऊन उभा होता. उंच, सडपातळ, उन्हाने रापलेला. त्याने चारचौघांत वाकून माझे पाय धरले, हे मला आवडले. लगेच उठून माझ्या डोक्यावर हेल्मेट चढविले आणि हनुवटीखाली पट्टा ओढला, हे आवडले नाही.

आमच्यासोबत बेसा येथील काही निवृत्त महिलांचा एक गट होता. त्यांच्या म्होरक्या शोभाताई. पूर्वी परिचारिका होत्या, आणि अनोळखी माणसाशीही रुग्णाशी बोलावे तशा बोलत.

"तुम्ही काहून आलात? बीपी हाय का?" त्यांनी मला विचारले.

"मी पाहणीकरिता आलो आहे."

"कशाच्या?"

"एका प्रकरणाच्या."

"बाई गं! मग सायकल नीट चालवा, प्रकरण पडलं नाही पायजे."

तरुणपणानंतर मी सायकलीला हात लावलेला नव्हता. परंतु शरीर जे एकदा शिकते ते विसरत नाही, असा अनुभव मला त्या दिवशी आला. मात्र सेमिनरी हिल्सच्या चढावर ते शरीर किती वर्षांचे झाले आहे, याचाही अनुभव आला. चढ संपला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे होते. ते विझल्यावर पाहतो तो दोन्ही बाजूंना झाडी, रस्त्यावर वाळक्या पानांचा खच, आणि त्यावरून चाके जाताना पापड मोडावा तसा आवाज. ज्या शहरात माझा जन्म गेला, ज्या शहरातील प्रत्येक कार्यालयाचा जिना मला तोंडपाठ आहे, त्या शहराच्या अंगाशी हे सर्व होते आणि मला त्याची खबर नव्हती.

गोरेवाड्याकडील पायवाटेस लागल्यावर मी सवयीने घंटी वाजवीत निघालो.

"काका, घंटी नका वाजवू," मागून भूषण म्हणाला. "मोर पळतेत."

"रस्त्यावर घंटी वाजविणे हा नियम आहे."

"रस्त्यावर हाय जी. हे त्यायचं अंगण हाय."

मी अंगठा घंटीवरून काढला. थोड्याच वेळात तलावाच्या बाजूने उतार लागला. मी ब्रेक सोडला. थंड वारा पांढऱ्या शर्टात शिरून शर्टाचा फुगा झाला, आणि डाव्या हाताला गवतात चितळांचा एक कळप कान टवकारून माझ्याकडे पाहत राहिला. पळाला नाही. कचेरीत मला पाहून कोणी उभे राहावे याची मला सवय आहे. परंतु मला पाहून कोणी निर्धास्त राहावे, यातील सुख निराळेच.

परतल्यावर टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. बाहेरगावच्या वाचकांस सांगावे लागेल की, पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत लाल रस्सा ओततात, त्यास आम्ही तर्री म्हणतो. पुण्याकडील लोक पोह्यांवर खोबरे घालतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही.

गडाची मागली वाट

शनिवारी रामटेक. पायऱ्यांनी न जाता भूषणने आम्हाला गडाच्या मागील अंगाने, झुडपांतून व खडकांतून जाणाऱ्या वाटेने वर नेले. बेस्याच्या महिला बकऱ्यांसारख्या टणाटण चढत होत्या. मीही निम्म्यापर्यंत उत्तम चढलो. मग एक उतरता, गुळगुळीत, पाठीसारखा खडक आला. त्याच्या मध्यावर गेल्यावर मी खाली पाहिले. खाली पाहावयास नको होते.

मी दोन्ही हातांनी खडक धरला. वर जाणे अशक्य, खाली उतरणे त्याहून अशक्य.

"भूषण," मी शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो, "मी आता वरही येत नाही आणि खालीही जात नाही."

मला वाटले, तो हात देईल, ओढील, धीर देण्यास चार वाक्ये बोलेल. त्याने यांपैकी काहीच केले नाही. तो परत खाली आला आणि माझ्या शेजारी, उताराच्या बाजूने, खडकाला टेकून बसला.

"बसा ना मग काका. बसायले काय लागते?"

मी बसलो. त्याने पिशवीतून संत्रे काढले, सोलले व अर्धे माझ्या हातात दिले. वरून शोभाताईंचा आवाज आला, "अहो पाहणीवाले! प्रकरण अडलं का तुमचं?"

खाली बसलेला मनुष्य घाबरलेला आहे, हे तो सांगू शकत होता. बायका हसल्या असत्या आणि ते खोटेही ठरले नसते. परंतु त्याने ओरडून सांगितले, "नाही जी! काका संत्रं खाऊन राहिले!"

"मग आमाले काहून नाही दिलं?"

"वर आल्यावर देतो!"

आम्ही संत्रे खात बसलो. काटोलकडचे असावे, आंबटपणा नावाला, गोडी पुष्कळ. खाली शिंगाड्यांची तळी हिरवी दिसत होती, त्यांपलीकडे पानमळ्यांची छपरे. मी विचारले, "तुम्हाला भीती वाटत नाही का?"

"वाटते ना. याच दगडावर वाटते. म्हणून तं खालच्या बाजूनं बसलो."

संत्रे संपले. तो उठला, मी उठलो, आणि त्याने दाखविलेल्या खाचांत बूट रोवीत मी वर आलो. हात एकदाही दिला नाही. पण माझ्या शेवटच्या पावलाखालीही त्याचा तळवा एक वीत अंतरावर होता, हे मी वर पोहोचल्यावर मागे वळलो तेव्हा मला दिसले.

गडावर एक लहानसा अपघात झाला. मी कठड्यापाशी उभा राहून देखावा पाहत असता एका वानराने माझ्या खिशातील पेन काढून घेतले. फुटाणे दाखविले, दरडावले, विनंती केली. त्याने समोर बसून पेन चावले आणि जीभ निळी करून घेतली. वाईट वाटले, परंतु माझ्या पेनातील शाई इतक्या आवडीने कोणी घेतल्याचे दुसरे उदाहरण नाही.

मोहाखालचे रोडगे

मुक्काम भूषणच्या घरी होता. तलावाकाठी त्यांचे कौलारू घर, पुढे मोठे मोहाचे झाड, झाडाखाली होड्या पालथ्या घातलेल्या, आणि बाजूस पाहुण्यांकरिता तंबू. बेस्याच्या महिला तंबूत, मी घराच्या ओसरीवर. भूषणचे वडील गुलाबराव एका नातलगाच्या कार्याकरिता सावनेरला गेले होते. ते दुसऱ्या दिवशी येणार होते. स्वागत त्याच्या आईने केले. कमलाबाई ठेंगण्या, चपळ व बोलण्यात कोणास हार जाणाऱ्या नव्हेत.

"तुमचं हापीस बी झाडाखालीच हाय म्हणे?" पाय धुवायला पाणी देताना त्यांनी विचारले.

"होय. लिंबाखाली."

"मग आमच्या पोट्ट्याचं मोहाखाली हाय."

"माझ्यासमोर टेबल असते."

"टेबल पायजे तं करून घेऊ जी. गावात सुतार हाय."

मी पाय धुऊन ओसरीवर चढलो.

येथे एक रूढी सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे मुलीचे लग्न ठरले की, तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी जेवत नाही. कडक पाळणारे पाणीदेखील घेत नाहीत. आमचे घराणे कडक पाळणाऱ्यांपैकी आहे. आता, माझा होकार झालेला नव्हता. ते घर माझ्या मुलीचे नव्हते, म्हणून तेथे जेवण्यास मला कोणतीही आडकाठी नव्हती. उलट जेवणे हेच माझे उत्तर होते. तोंडाने नकार देणे कठीण असते; ताटावर बसणे सोपे. कमलाबाईंना ही रूढी माझ्याइतकीच ठाऊक होती.

अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजत होते. कणकेचे जाड गोळे राखेत खरपूस होतात, मग ते झटकून, फोडून, तुपात बुडवून द्यावयाचे. सोबत वांग्याची भाजी, जिच्यावर तेलाचा लाल तवंग. वरणात लसणाची फोडणी. शेवटी ताक. मी खात होतो आणि बाई वाढत होत्या. हात एकदाही आखडला नाही, परंतु प्रत्येक रोडग्यागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आणखी घ्या जी," त्या म्हणाल्या. "पोटभर घ्या. परक्याच्या घरी मानूस मोकळं जेवते."

हा टोला मला लागला. पण रोडगा इतका उत्तम होता की, तो खाली ठेवणे माझ्याने झाले नाही.

जेवणानंतर मी ओसरीवर आडवा झालो असता भिंतीपलीकडून मायलेकांचे बोलणे कानी पडले.

"काय झालं वं, आई? अशी काहून बसली?"

"जेवले ते."

"मग चांगलं हाय ना!"

"तीन रोडगे खाल्ले. वरून ताक पेले."

"तुले तं खुश व्हायले पायजे."

"तुले नाही समजत गा. तू होड्या मोज."

मी कूस बदलली. माझे पोट भरलेले होते, परंतु झोप लवकर लागली नाही. खडकावर खालच्या बाजूने बसलेला मुलगा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण पाणी पाहणे बाकी आहे, असे मी स्वतःस बजावले. सकाळी पोह्यांची बशी पुढे आली. ती मी परत केली नाही, मात्र दुसऱ्यांदा मागितलीही नाही. कमलाबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले.

खिंडसी

हिवाळी सकाळच्या उन्हात खिंडसीचे पाणी असे स्वच्छ व स्तब्ध होते की, समोरचे डोंगर कोणते आणि त्यांची प्रतिबिंबे कोणती, याचा निवाडा मागता आला असता. बदकांची एक रांग ती दोन्ही दुनिया कापीत गेली. शोभाताई व मंडळी होड्यांत बसून केव्हाच पुढे निघाल्या होत्या.

माझ्याकरिता दोघांची एक अरुंद प्लास्टिकची होडी होती, जिला ते कयाक म्हणतात. पुढे मी, मागे भूषण. बसण्यापूर्वी त्याने एक भगव्या रंगाचे फुगीर जाकीट आणले.

"हे मी घालणार नाही," मी सांगितले. अंगात पांढरा शर्ट होता, तो भूषणच्या आईने रात्री धुऊन, वाळवून दिला होता. "काठाकाठानेच जायचे आहे."

"जाकीट नाही तं होडी नाही, काका."

"मी कोण आहे, कशाकरिता आलो आहे, याची तुम्हास कल्पना आहे ना?"

"हाय ना." तो खाली पाहून माझ्या छातीवरील पट्टे आवळू लागला होता. "म्हणून तं घट्ट बांधून राहिलो."

त्याचा चेहरा लाल झाला होता. माझ्या एका शब्दावर त्याचे सर्व अवलंबून होते आणि तरीही त्याने पट्टा एक बोटदेखील सैल सोडला नाही. मी होडीत बसलो. आरशात पाहिले असते तर सोललेल्या संत्र्यास कॉलर लावल्यासारखा दिसलो असतो.

परंतु पाच-दहा वल्ही मारल्यावर मी सर्व विसरलो. वल्हे बुडते, पाणी मागे सरते, होडी पुढे जाते. यात कोणाची सही लागत नाही. मी जोरात वल्हवू लागलो. मी चक्क हसत होतो. "डावीकडून, काका, डावीकडून!" भूषण ओरडे, आणि आम्ही उजवीकडे जात असू.

तेवढ्यात पलीकडील पानमळ्याच्या काठाकडून एक लाकडी डोंगा येताना दिसला. त्यात डोक्याला फेटा, अंगात सदरा, आणि सदऱ्यावर तसलेच भगवे जाकीट घातलेले एक गृहस्थ बसले होते. ते गुलाबराव होते. सावनेरहून पहाटेच निघून, पलीकडून जवळच्या वाटेने डोंग्यातून घरी येत होते.

"रामराम, भाऊ!" त्यांनी लांबूनच हाक दिली. "पाहा ना जी, जलम गेला याच पाण्यात, अन् पोट्टा बापालेही सोडत नाही! जाकीट घाल म्हणते!"

आता जे घडले ते नीट समजून घ्यावे. वयाने वडील, त्यात मुलाचा बाप. अशा माणसाचा रामराम आमच्या घरात आजवर कोणी बसून घेतलेला नाही. माझ्या वडिलांनी घेतला नाही, मी घेतला नाही. मी हात जोडले आणि उभा राहिलो.

"काका, बसा!" मागून भूषण किंचाळला.

पण मी उभा राहिल्याचे गुलाबरावांनी पाहिले. पाहुणा उभा आणि आपण बसलेले, हे त्यांना तरी कसे सोसावे? तेही हात जोडून डोंग्यात उभे राहिले.

होड्यांना रीतभात ठाऊक नसते. आमची उजवीकडे गेली, त्यांचा डोंगा डावीकडे, आणि दोन्ही पक्ष एकाच वेळी पाण्यात पडले.

पाणी बर्फासारखे होते. नाकातोंडात शिरले, मी दोन-चार घोट गिळले, आणि संपलो असे वाटले तोच जाकिटाने मला काखेत धरून वर आणले. समोर गुलाबराव तरंगत होते. फेटा सुटून त्यांच्याभोवती कमळाच्या पानासारखा पसरला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"रामराम," ते म्हणाले.

"रामराम," मी म्हणालो. हात माझे अजून जोडलेलेच होते.

"मले पोहता येते गा, त्यायले धर!" गुलाबराव मुलावर ओरडले, पण भूषण आधीच माझ्यापाशी होता. जाकिटाचा मागील पट्टा धरून तो मला काठाकडे नेऊ लागला. तो घाबरला नव्हता, हसत नव्हता, फक्त "आकाशाकडे पाहा काका, मान सैल सोडा" असे म्हणत होता. मी आकाशाकडे पाहत उताणा तरंगत गेलो. लांबून शोभाताईंच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून येत होता. आणि त्या स्थितीत माझ्या लक्षात आले की, मी निकाल देण्यापूर्वी माझ्या पायांनी तो देऊन टाकला होता. परक्याच्या रामरामाला मी बसूनही उत्तर दिले असते. मी व्याह्याकरिता उभा राहिलो होतो.

काठावर कमलाबाई धावत आल्या. एका हातात कोरडे धोतर-सदरा, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. चुलीवर चहा उकळत होता. घशात चिखलाची चव, दात वाजत होते. मी पेल्याकडे हात नेला आणि थांबलो.

"नको," मी म्हणालो.

"चहाच देऊ मग?"

"चहाही नको. या घरचे आता मला चालणार नाही."

भूषणचा चेहरा उतरला. "काका, चूक माझी हाय. होडीत उभं राहू नका, हे बसायच्या आधीच सांगायले पायजे होतं मी. आईवर नका राग काढू..."

"तू चुप राय गा," कमलाबाई म्हणाल्या. "भाऊ, पुन्हा एकदा सांगा. पाणी घेता का?"

"नाही."

"घोटभर?"

"थेंबभरही नाही. आता एकदम नातवंडाच्या बारशाला घेईन."

त्यांनी पेला तिथेच वाळूत ठेवला आणि पदर तोंडाला लावला. भूषण एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहत उभा होता. तोवर शोभाताई काठाला लागल्या होत्या. त्यांनी त्याच्या ओल्या पाठीवर जोरात थाप मारली. "अरे येड्या, पोरगी दिली तुले! पाय धर त्यांचे!"

गुलाबराव फेटा पिळीत पुढे आले. "ते सारं बराबर हाय जी. पण आत्ता तळ्यात गटागटा पेले, ते कोणाचं होतं?"

"तलाव शासनाचा आहे," मी उत्तर दिले.

ते इतके हसले की, त्यांना वाळूत बसावे लागले. त्यांचे पाहून मीही बसलो. कमलाबाईंनी डोळे पुसत विचारले, "कपडे तं चालतात ना?" मी विचार केला. वस्त्रांबाबत रूढी मौन आहे. मी धोतर घेतले.

मग त्यांनीच फोन लावला आणि माझ्या कानाशी धरला, कारण माझे दोन्ही हात धोतर सावरण्यात गुंतले होते. स्नेहलने एका घंटीत उचलला. ती दोन दिवस फोन हातात घेऊनच बसली असावी. पण मुलीने आपल्या शब्दाप्रमाणे मला प्रकरणाविषयी काही विचारले नाही. दुपार होत आली होती, म्हणून तिने एवढेच विचारले, "बाबा, जेवले का तुमी?"

"नाही."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे. पाणीसुद्धा घेतलेले नाही. मुलीच्या घरी कोणी जेवते होय?"

पलीकडे भांडे पडल्याचा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ तिची हाक, जी कमलाबाईंनी, गुलाबरावांनी आणि बेस्याच्या सर्व महिलांनी काठावर उभ्याउभ्या ऐकली:

"आई! वं आई! बाबा जेवलेच नाही वं!"

बाप उपाशी असल्याचा इतका आनंद झालेली मुलगी मी आजवर पाहिलेली नव्हती.